‘ट्यूब गेली’ म्हणण्याआधी: जुन्या तीन ट्यूबच्या प्रोजेक्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ हॉलचे दिवस संपले तेव्हा वाटलं होतं, ही धुडं आता किलोच्या भावाने भंगारात जाणार. सगळी गेली नाहीत. कुणी मंगल कार्यालयाच्या माळ्यावरून उतरवलेला, कुणी लिलावात घेतलेला, कुणी जुने सिनेमे जुन्याच उजेडात बघायचे म्हणून मुंबईहून ट्रकमध्ये घालून आणलेला प्रोजेक्टर इंदुरात अजून अधूनमधून चालू असतो. बिघडला की फोन माझ्याकडे. पहिलं वाक्य ठरलेलं: “काका, ट्यूब गेली वाटतं.”

बहुतेक वेळा ती, म्हणजे चित्र तयार करणारी काचेची पिक्चर ट्यूब, गेलेली नसते. फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून काढतो आहे. सोल्डर आयर्न आणि मल्टिमीटर हातात धरता येतो, पण हे यंत्र पहिल्यांदाच उघडतो आहे, अशा माणसासाठी हे आहे.

या प्रोजेक्टरला तीन डोळे कशाला?

घरच्या जुन्या रंगीत टीव्हीत एकाच ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तीन गन असतात आणि काचेच्या मागे बारीक भोकांची जाळी. गनमधून निघालेल्या इलेक्ट्रॉनांपैकी बराच भाग ती जाळीच अडवते. समोर बसून बघायला तेवढा उजेड पुरतो, पण भिंतीवर आठ-दहा फूट चित्र फेकायला पुरत नाही. म्हणून प्रोजेक्टरमध्ये तीन वेगळ्या ट्यूब: एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येकीला स्वतःची गन, स्वतःचं योक (इलेक्ट्रॉनांचा किरण वळवणारी कॉइल), स्वतःचं भिंग. जाळी नाहीच. काचेचा आकार ७, ८ किंवा ९ इंच, आणि एवढ्याशा काचेतून उजेड काढायचा म्हणून ३०,००० व्होल्टच्या वरचा दाब. तिन्ही चित्रं पडद्यावर एकमेकांवर बसली की रंगीत चित्र तयार होतं.

याचा एक फायदा दुरुस्ती करणाऱ्याला आहे. जाळी नसल्यामुळे टीव्हीसारखे चुंबकाने पडणारे रंगाचे धब्बे इथे पडत नाहीत. शेजारी मोठा स्पीकर ठेवलात तर चित्र जरा सरकेल, एवढंच. त्यामुळे डिगॉसिंगची, म्हणजे ते धब्बे घालवणारी, कॉइल घेऊन कुणी आलाच तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

चित्र एकदम पिवळं दिसतंय. कोणती ट्यूब गेली?

कोणती ‘दिसत नाही’ ते सांगता येतं. गेली की नाही, ते नंतर. निळा नसेल तर चित्र पोह्यासारखं पिवळं. हिरवा नसेल तर जांभळट गुलाबी, आणि माणसं सगळी आजारी. लाल नसेल तर निळसर हिरवं, तलावाच्या पाण्यासारखं.

आता पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. दोन भिंगं झाका, एक उघडं ठेवा, मग दुसरं, मग तिसरं. पाच मिनिटांचं काम आहे आणि एकही स्क्रू काढावा लागत नाही. प्रत्येक रंग स्वतंत्रपणे कसा आहे, ते कागदावर लिहा: ‘अजिबात नाही’, ‘आहे पण मंद’, ‘आहे पण धूसर’, ‘पडदाभर नुसता उजेड’. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. फोनवर “निळा खराब आहे” एवढंच सांगितलंत तर मी काहीच सांगू शकत नाही.

त्यानंतर मशीनमध्ये आतला टेस्ट पॅटर्न असेल तर तो लावा. चौकटीच्या रेषांची जाळी किंवा पांढरा पडदा, जे असेल ते. आतल्या पॅटर्नमध्ये निळा नीट दिसला तर ट्यूब जिवंत आहे, दोष बाहेर आहे. मग केबल बघा. तीन किंवा पाच वायरींनी सिग्नल येत असेल तर निळ्याची आणि लालची वायर आपसात बदलून बघा. दोष लालवर गेला की समजायचं, ट्यूब सोडाच, मशीनसुद्धा निर्दोष आहे.

नारायण बागेतल्या एका घरी मी असाच एकदा अवजारांची पूर्ण पेटी घेऊन गेलो होतो. निळा गायब. मालकाने आधीच कुणाकडून तरी ट्यूबचा भाव काढून ठेवला होता आणि चेहरा उतरलेला. मागे हात घातला तर निळ्या वायरीचा कनेक्टर बाहेरून घट्ट बसलेला, पण मधली पिन आत वाकून बाजूला पडलेली. झाडू मारताना कुणाचा तरी पाय लागला असणार. चिमट्याने पिन सरळ केली. मजुरी घ्यायला लाज वाटली, पण पेटीचं वजन आठवून घेतली.

झाकण उघडण्याआधी काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून इथे मुद्दाम घातला आहे.

मशीन बंद करून पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. २३० व्होल्टची मेन डीसी झाली की पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि पिन काढल्यावरही काही वेळ तिथेच बसून असतात. आधी ते मल्टिमीटरने मोजा, मग हात घाला.

त्याहून मोठं प्रकरण म्हणजे ईएचटी, ट्यूबला लागणारा तो ३०,००० व्होल्टच्या वरचा दाब. आपल्या बाजारात ‘ईएचटी’ म्हटलं की लोक ट्रान्सफॉर्मरच हातात देतात, पण इथे मी त्या दाबाबद्दल बोलतो आहे. ट्यूबची काच हाच एक कपॅसिटर असतो. आतून एक थर, बाहेरून काळा ग्राफाइटचा थर, मध्ये काच. मशीन बंद झालं तरी त्यात चार्ज राहतो. पुष्कळ प्रोजेक्टरमध्ये तो आपोआप उतरवणारा रेझिस्टर असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कारण तो तुटला असेल तर बाहेरून कळत नाही. चांगल्या मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, त्याच्या दांड्याला जाड वायर बांधा आणि वायरीचं दुसरं टोक ट्यूबभोवती गुंडाळलेल्या अर्थच्या विणलेल्या पट्टीला पक्कं करा. सर्किट बोर्डाच्या अर्थला लावाल तर चार्ज उतरेल, पण जाता जाता एखादा आयसी घेऊन जाईल. प्रोजेक्टरमध्ये ट्यूबची जाड वायर बहुधा एका वाटप-पेटीत जाते. तिन्ही वायरींच्या टोकांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून चार्ज वेगवेगळा, तीनदा, उतरवायचा.

एक हात खिशात. घड्याळ, अंगठी, कडं काढून. डोळ्यांवर चष्मा, कारण ट्यूबच्या आत निर्वात आहे आणि तिच्या मागच्या मानेचा काचेचा नळ बोटाएवढ्या धक्क्यानेही चिरतो. चालू मशीनमध्ये भिंगातून ट्यूबकडे डोळा लावून बघू नका. आणि चित्र उजळ व्हावं म्हणून ईएचटीचा दाब वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: दाब वाढला की क्ष-किरण वाढतात.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर झाकण लावा आणि माहीतगाराला बोलवा. यात कमीपणा नाही.

एक रंग अजिबात नाही. ट्यूब मेली हे नक्की कसं ठरवायचं?

खोलीत अंधार करा, मशीन चालू करून हात लांब ठेवून तिन्ही ट्यूबच्या मानेकडे बघा. गन तापवणाऱ्या हीटरचा तांबूस उजेड दिसायला हवा. देव्हाऱ्यातल्या समईची वात दारातून दिसावी, तेवढाच. दोघींत आहे आणि तिसरीत नाही, तर हीटरला वीज मिळत नाही किंवा हीटर तुटला आहे.

मशीन बंद, चार्ज उतरवून, मानेवरचं बेस कार्ड (ट्यूबच्या पिनांवर बसणारा छोटा सर्किट बोर्ड) हळूच सरळ मागे ओढून काढा. वाकवून, हलवून काढाल तर पिनांच्या मुळाशी काच तडकेल, आणि मग खरोखर ट्यूब गेली. हीटरच्या दोन पिनांमध्ये मीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. ती ट्यूब संपली, तिला औषध नाही.

हीटर शाबूत असेल तर बेस कार्ड उलटं करून भिंगाखाली सॉकेटचे टाके बघा. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन पिनेभोवती बारीक गोल चीर पडलेली असते, केसाएवढी. आपण त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. जुना टाका पूर्ण काढून नवीन मारा, नुसता वरून लेप देऊ नका. महाराणी रोडवरून आणलेलं चांगलं सोल्डर आणि दहा मिनिटं, यावर मी किती ‘मेलेल्या’ ट्यूब उठवल्या असतील याची गणती नाही.

टाकेही ठीक असतील तर माझी सगळ्यात आवडती परीक्षा: पुष्कळ मॉडेलांत तिन्ही ट्यूबची बेस कार्डं सारखीच असतात. कार्डावरचा नंबर जुळवून बघा. जुळला तर बंद मशीनमध्ये निळ्याचं कार्ड लालला आणि लालचं निळ्याला लावा. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड दुरुस्त करा. दोष जागेवरच राहिला तर संशय ट्यूबवर. कार्डं परत मूळ जागी लावायला विसरू नका, नाहीतर रंगांचा तोल बिघडेल आणि तुम्हाला नवीन दोष सापडल्याचा भास होईल.

पूर्ण पडदा एकाच रंगाने भरलाय, वर तिरक्या पांढुरक्या रेषा. हे काय?

त्या रेषा म्हणजे रिट्रेस: इलेक्ट्रॉनांचा किरण खालून वर परत जाताना एरवी झाकलेला असतो, तो आता झाकला जात नाही. गन सताड उघडी आहे. मशीन लगेच बंद करा. असं चालू ठेवलंत तर फॉस्फर, म्हणजे काचेवरचा उजेड देणारा थर, भाजेल.

कारणं तीन. बेस कार्डावरचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला. ट्यूबच्या आत कॅथोड (गनमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) आणि हीटर किंवा कॅथोड आणि पहिली ग्रिड एकमेकांना चिकटली. किंवा कुणीतरी स्क्रीनचा प्रिसेट, म्हणजे ट्यूबचं स्क्रीन व्होल्टेज ठरवणारा छोटा पेच, फिरवून ठेवला. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. एका लॉजमध्ये मुलाने “उजेड कमी होता म्हणून” तिन्ही प्रिसेट टोकापर्यंत फिरवले होते.

तिन्ही रंग एकदम असे भडकले तर ट्यूबला दोष देऊच नका. तिन्ही ट्यूब एकाच संध्याकाळी मरत नाहीत. व्हिडिओ आउटपुटला जाणारा उंच व्होल्टेजचा सप्लाय तुटला असणार.

कार्ड बदलूनही दोष जागचा हलला नाही तर मीटरने कॅथोड आणि हीटरच्या पिना तपासा. अडचण अशी, की हा शॉर्ट बऱ्याचदा गरम झाल्यावरच होतो. थंड ट्यूबवर मीटर निर्दोष दाखवतो. मशीन सुरू झाल्यावर दहा मिनिटं ठीक आणि मग धप्पकन निळा पडदा, असं असेल तर हेच.

सुरुवातीला चित्र मंद आणि धुरकट, अर्ध्या तासाने बरं होतं. हे वयामुळे?

हो, कॅथोड थकला. एमिशन, म्हणजे त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन, कमी झालं. ओळखायची खूण: पांढऱ्या भागाच्या कडा एका बाजूला ओघळतात, चेहऱ्यांवर चांदीचा वर्ख लावल्यासारखं दिसतं, आणि कॉन्ट्रास्ट वाढवला तर उजेड वाढायच्या ऐवजी चिखल वाढतो. अशी ट्यूब लगेच मरत नाही. कॉन्ट्रास्ट उतरवून, खोली पूर्ण अंधारी करून अजून काही वर्षं सिनेमे बघता येतात. मी स्वतः तसेच बघतो.

मानेत हीटरच्या तांबूस उजेडाशिवाय गनच्या आजूबाजूला जांभळा धूर भरल्यासारखा उजेड दिसला तर मात्र हवा शिरली आहे. मानेजवळ काचेला आतून लागलेला गेटरचा (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूचा) आरशासारखा रुपेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर शंकाच नको. काचेच्या भिंतीवर हलकी निळी झाक दिसते, ती वेगळी, तिला घाबरायचं कारण नाही.

बूस्टर मारून ट्यूब ताजी करता येते का?

टीव्हीच्या काळात हे रोजचं होतं. हीटरला थोडा वेळ जास्त व्होल्टेज देऊन कॅथोडवरचा थकलेला थर जाळायचा. टीव्हीवर मीही केलं आहे, आणि काही ट्यूब वर्षभर चालल्यासुद्धा. प्रोजेक्टरच्या ट्यूबवर मी करत नाही. इथे तिन्ही रंगांचा तोल लागतो. एकीला बूस्टर मारून दोन महिन्यांचं तेज आणलं, तर ग्रे स्केल, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा तोच तोल, रोज सरकत राहतो आणि तुम्ही रोज मला फोन करता. शिवाय फसलं तर बदली ट्यूब दुकानात मिळत नाही. कुणाला मारायचाच असेल तर ट्यूब मृत ठरवल्यावर मारा, आधी नाही.

पांढऱ्या दृश्यात मध्येच सावली दिसते. जाईल का?

नाही. तो भाजल्याचा डाग आहे, औषध नाही.

एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिलं की त्या जागचा फॉस्फर इतरांपेक्षा लवकर थकतो आणि काचही तपकिरी पडते. एका मंगल कार्यालयातलं मशीन माझ्याकडे आलं होतं. वरच्या मजल्यावर जेवणाऱ्यांना खालचा मांडव दिसावा म्हणून व्हिडिओवाल्याचा कॅमेरा थेट त्याला जोडायचे. कित्येक लग्नसराया. हिरव्या ट्यूबचं भिंग काढलं आणि बाजूने टॉर्च मारला, तर काचेच्या खालच्या कोपऱ्यात ‘रेक’ची तीन इंग्रजी अक्षरं आणि त्याशेजारी ठिपका, स्वच्छ कोरल्यासारखा. भिंग चित्र उलटवतं, म्हणून काचेवर ती अक्षरं पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखी खाली डोकं वर पाय अशी होती. किती जोडप्यांच्या सप्तपदीवर तो ठिपका लुकलुकला असेल कुणास ठाऊक.

जुनं मशीन विकत घेताना म्हणूनच चालू करून दाखवण्यावर समाधान मानू नका. विक्रेता नेहमी अंधाऱ्या सिनेमाचा सीन लावतो. तुम्ही पूर्ण पांढरा पडदा मागा आणि एकेक भिंग उघडून प्रत्येक रंग वेगळा बघा. मग मशीन बंद करून भिंगातून टॉर्च मारा. लाल बहुधा सगळ्यात तरुण दिसतो; हिरव्या आणि निळ्याकडे नीट बघा. जुन्या चौकोनी चित्राची आयताकृती छाप असेल आणि तुम्ही पुढेही चौकोनीच चित्र बघणार असाल तर ती फारशी खुपणार नाही. रुंद चित्र लावलंत तर दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा उजळ दिसतील.

डाग वाढू नये म्हणून: पॉज करून जेवायला जायचं नाही. बातम्यांची वाहिनी, क्रिकेटचा स्कोअर, कॉम्प्युटरचा डेस्कटॉप, हे या मशीनवर नको. त्यासाठी घरात टीव्ही आहे.

लाल-हिरवा सुईसारखा बारीक, पण निळा फोकस होतच नाही. निळी ट्यूब खराब?

खराब नाही, तशीच ठेवलेली असते. निळा फॉस्फर एका ठिपक्यात जास्त करंट पडला की तृप्त होतो. आणखी करंट देऊनही त्या प्रमाणात उजेड देत नाही. मग भर पांढऱ्यात निळा कमी पडून पडदा पिवळट व्हायला लागतो. म्हणून निळ्याचा ठिपका जरा पसरवून ठेवतात. माणसाच्या डोळ्याला निळ्या रंगातले बारकावे कमीच दिसतात, त्यामुळे चित्र एकूण धूसर वाटत नाही. पडद्याला नाक लावून बघणाऱ्यालाच वाटतं.

निळा पूर्वीपेक्षा खूपच विस्कटला असेल तर गोष्ट वेगळी. मशीनचा फोकस स्थिर-विद्युत पद्धतीचा असेल तर सॉकेटमधल्या फोकसच्या पिनेला गंज चढला आहे का ते बघा. हिरवट पूड दिसेल. मानेवर कॉइल लावून चुंबकाने फोकस होत असेल तर त्या कॉइलचा करंट आणि कनेक्टर तपासा.

एका रंगावर धुकं आल्यासारखं वाटतं, भिंग पुसूनही जात नाही.

भिंग पुसून जाणारच नाही, कारण घाण आत आहे. पुष्कळ मशीनमध्ये ट्यूबच्या काचेसमोर एक बंद खोबण असते आणि तिच्यात ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं मिश्रण भरलेलं. ते काच थंड ठेवतं, आणि द्रव थेट भिंगाला भिडलेला असेल अशा रचनेत आतले नको ते परावर्तनही कमी करतं. वर्षं उलटली की त्यात गाळ येतो, रंग पिवळसर होतो, कधी बुरशी धरते. टॉर्च मारलात तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा कापसाचे पुंजके तरंगताना दिसतील. बघणाऱ्याला वाटतं ट्यूब म्हातारी झाली. खरं तर तिच्या चष्म्याला शेवाळ धरलं आहे.

इलाज करण्यासारखा आहे, पण किचकट. ट्यूब बाहेर काढायची, द्रव काढून टाकायचा, खोबण आणि काच धुवायची, रबराचा सील नवीन घालायचा, नवीन द्रव हवेचे बुडबुडे राहू न देता भरायचा. वरती अगदी छोटा बुडबुडा राहिला आणि चित्रात येत नसला तर चालतो. द्रव गरम होऊन फुगतो, त्यासाठी लवचीक पडदा असतो. तो फाटलेला नाही ना, ते बघून घ्या.

गाडीच्या रेडिएटरचं कूलंट घालू का, असं दर दुसरा माणूस विचारतो. नाही. त्यात रंग असतो, गंजरोधक रसायनं असतात, आणि निळ्या ट्यूबपुढे हिरवा चष्मा लावून काय मिळवणार? साधं पाणीही नको.

गळती दिसली तर मशीन त्या क्षणी बंद. द्रव खाली बोर्डावर पडतो, आणि बोर्ड जळाला की ट्यूबचं दुखणं किरकोळ वाटायला लागतं. सांडलेलं फडक्याने टिपून फडकं लगेच टाका. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतो. मुलं, मांजर, कुत्रा यांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

पावसाळ्यात चट्-चट् आवाज आणि विचित्र वास येतो.

तो वास ओझोनचा. ईएचटी कुठेतरी उडी मारते आहे. उन्हाळाभर मशीनवर धूळ साठते, ती कोरडी असताना त्रास देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तीच धूळ ओलसर होऊन वाट करून देते. चालू ठेवून “बघू कुठून ठिणगी येते” करत बसू नका. बंद करा, चार्ज उतरवा, मऊ ब्रशने धूळ काढा, ईएचटीच्या वायरी, रबरी टोप्या आणि वाटप-पेटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. रबर तडकलेलं असेल तर वर टेप गुंडाळून भागणार नाही, वायरच बदलावी लागेल.

आमच्या रामबागेत गणपतीच्या आधी मशीन बाहेर काढायची चाल होती. दहा महिने बंद असलेलं मशीन भर भाद्रपदात आरतीनंतर थेट चालू करायचं, आणि पहिल्या पाच मिनिटांत फटाका. नंतर शहाणे झालो. आठ दिवस आधी काढायचं, साफ करायचं, आणि रोज अर्धा तास मंद उजेडावर चालवायचं.

अक्षरांना लाल-निळ्या कडा दिसतात.

कन्व्हर्जन्स, म्हणजे तिन्ही रंग एकमेकांवर बसवणं, बिघडलं आहे. ट्यूबचा काही संबंध नाही. मशीन अर्धा तास तापू द्या, मग जुळवा. थंड मशीनवर जुळवलेलं गरम झाल्यावर सरकतं. जुळवताच येत नसेल, एखादा रंग धनुष्यासारखा वाकला असेल, तर कन्व्हर्जन्सचे आउटपुट आयसी गेले. मागून चित्र फेकणाऱ्या मोठ्या टीव्हींतही हेच आयसी मरतात.

नुसती एक आडवी रेष दिसते.

उभं डिफ्लेक्शन, म्हणजे किरण वर-खाली फिरवणारा भाग, बंद पडलं. लगेच बंद करा, आत्ता, हे वाचत बसू नका. सगळा उजेड एका रेषेत पडला की काही क्षणांत ती रेष फॉस्फरवर कायमची कोरली जाते. चांगल्या मशीनमध्ये अशा वेळी किरण आपोआप बंद करणारं संरक्षण असतं; ते चाललं तर पडदा काळा होतो आणि लोक म्हणतात ट्यूब गेली. ट्यूब वाचलेली असते.

ट्यूब खरंच गेली तर दुसरी कुठे मिळेल? टीव्हीची बसेल का?

टीव्हीची बसत नाही. तिला जाळी आहे, तीन गन आहेत, आकारही वेगळा. मागून चित्र फेकणाऱ्या टीव्हीच्या ट्यूब दिसायला जवळच्या असतात, पण मानेची जाडी, पिनांची मांडणी, फोकसची पद्धत आणि फॉस्फर जुळल्याशिवाय हात लावू नका. जेल रोड, महाराणी रोड पालथे घालून उपयोग नाही, तिथे नव्या जमान्याचा माल आहे. खरा रस्ता एकच: त्याच मॉडेलचं दुसरं मोडकं मशीन शोधा. ज्याचा पॉवर सप्लाय जळाला आहे त्याच्या ट्यूब चांगल्या असू शकतात. मी त्याला ‘दाता’ म्हणतो.

ट्यूब बदलली की काम संपलं असं समजू नका. योक फिरवून चित्र सरळ करायचं, भिंगाचा फोकस, स्क्रीनचा प्रिसेट, काळ्या आणि पांढऱ्याचा तोल, मग कन्व्हर्जन्स. पूर्ण एक दिवस जातो आणि घरातल्यांनी त्या खोलीत दिवा लावायचा नाही. माझ्या मते एकच ट्यूब नवी आणि दोन थकलेल्या, अशी जोडी कधीच नीट जमत नाही. तिन्ही एकाच दात्याच्या घ्या.

मेलेल्या ट्यूबचं काय करायचं?

फोडायची नाही. काचेत शिसं असतं आणि निर्वात ट्यूब फुटली की तुकडे आत ओढले जाऊन मग चारी बाजूंना उडतात. भंगारवाला तांब्याच्या योकसाठी मान तोडतो, त्याला देऊ नका. इंदुरात कचऱ्याच्या गाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, पण एवढी मोठी वस्तू त्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या.

मशीन तुमच्याकडे घेऊन येऊ का?

नको. सात इंची मशीनसुद्धा ५०-६० किलोचं असतं, नऊ इंची १०० च्या वर जातं. रिक्षात घालून आणलंत तर जुळवलेलं सगळं विस्कटेल आणि वाटेत मानही तडकेल. आधी फोटो पाठवा: पांढऱ्या पडद्यावर प्रत्येक रंग वेगळा, म्हणजे तीन; आतल्या पॅटर्नचा एक; मागच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा एक; आणि अंधारात तिन्ही मानांचा एक. फ्लॅश बंद ठेवा. हे सहा फोटो आले की मी येताना काय काय आणायचं ते ठरवतो. सकाळी दहाच्या आत फोन करू नका, तेव्हा मी पोहे खात असतो.